डिझेलची टाकी, दिंडोरी : प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

आजपासून ही वही. सकाळच्या बैठकीत मोठे साहेब म्हणाले, "हे काम तुझं." मागच्या बॉयलरच्या कामात कोण काय बोललं होतं यावरून तीन महिने वाद चालले होते, ते मी विसरलेलो नाही. या वेळी सगळं लिहून ठेवणार.

घडलं ते असं. जुलैअखेरच्या एका रात्री पावणेदोनला आमच्या कागद कारखान्यात गॅसचा दाब पडला आणि वीज बनवणारं गॅस टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. महावितरणचा फीडर चालू होता, त्यामुळे दिवे, पंप, क्रेन दहा मिनिटांत परत आले. वाफ मात्र आली नाही. आमचा बॉयलर टर्बाइनच्या गरम धुरावर चालतो. टर्बाइन थांबलं की वाफ थांबते, आणि वाफ थांबली की पेपर मशीनचे ड्रायर थंड पडतात. ओला कागद ड्रायरला चिकटून फाटला. गॅस साडेतीन तासांनी आला, पण कागद पुन्हा नीट सुरू व्हायला सकाळचे दहा वाजले. वीज महावितरणकडून मिळते, वाफ कोण देणार? जुना स्टँडबाय बॉयलर दोन वर्षांपूर्वी भंगारात दिला. त्या कागदावर माझीही सही आहे.

म्हणून ठरलं की टर्बाइनला दुसरं इंधन जोडायचं. गॅस गेला तर चालत्या यंत्राने तेलावर जायचं आणि वाफ तुटू द्यायची नाही.

१६ ऑगस्ट

आकडेमोड. यंत्राची पाटी ३.५ मेगावॉटची आहे, पण ती समुद्रसपाटीची आणि १५ अंशांची. दिंडोरीच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इथे ३.२ धरायचे. एप्रिलच्या दुपारी त्याहूनही कमी. कार्यक्षमता २८ टक्के धरली तर तासाला साधारण १,१५० लिटर डिझेल. एक १२ हजार लिटरचा टँकर म्हणजे साडेदहा तास.

बैठकीत विचारणा झाली की बॅरल ठेवून भागणार नाही का, परवान्याची कटकट नको. पेट्रोलियम कायद्यात सूट आहे खरी : ब वर्गाचं पेट्रोलियम (डिझेल त्यातच येतं) एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कुठलंही भांडं हजार लिटरहून मोठं नाही, तर परवाना लागत नाही. २,५०० लिटर म्हणजे आपले दोन तास दहा मिनिटं. गॅस गेला होता साडेतीन तास. यावर कुणी काही बोललं नाही.

दोन टाक्या, प्रत्येकी २० हजार लिटर. तळाचं आणि वरचं सोडून वापरण्यासारखं ३६ हजार धरलं तर ३१ तास. "एवढे कशाला?" असं विचारलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांचा संप झाला तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून गाड्या निघाल्या नव्हत्या आणि नाशकात पंपांवर रांगा लागल्या होत्या. आपलं डिझेलही तिथूनच येणार. ज्या दिवशी गॅस नाही त्याच दिवशी टँकरही नाही, असं होऊ शकतं.

२० ऑगस्ट

खरेदी विभागाची सूचना : डिझेलऐवजी एलडीओ (लाइट डिझेल ऑइल) किंवा फर्नेस ऑइल घ्या, स्वस्त पडतं. खाकेत फाइल घेऊन आले होते बिचारे, म्हणून त्यांच्यासमोरच हिशेब केला.

चिमणीची उंची सल्फरवर ठरते. सूत्र १४ गुणिले क्यू चा ०.३ घात, क्यू म्हणजे तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड. आताच्या डिझेलमध्ये, एप्रिल २०२० पासून, सल्फर १० पीपीएमच्या आत. तासाला ९५५ किलो डिझेल जाळलं तर सल्फर डायऑक्साइड जेमतेम १९ ग्रॅम. सूत्राने चिमणी सव्वाचार मीटर येते, आपली ३० ची आहे, प्रश्नच नाही. एलडीओत दीड टक्का सल्फर धरला तर तासाला २८ किलोच्या पुढे आणि चिमणी ३८ मीटर. साडेतीन टक्क्यांचं फर्नेस ऑइल घेतलं तर ४९ मीटर. म्हणजे आहे ती चिमणी पाडा नाहीतर वाढवा. शिवाय बॉयलरच्या इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उरलेल्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या भागाच्या) थंड टोकाला गंधकाम्लाचा घाम सुटून नळ्या खाल्ल्या जातील ते वेगळंच. आपल्या टर्बाइनच्या पात्यांना फर्नेस ऑइल मुळात चालतच नाही, हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर चिमणीचा हिशेब कुणी ऐकलाच नसता.

डिझेल ठरलं.

३ सप्टेंबर

परवानग्यांची यादी सेफ्टीच्या मॅडमनी फळ्यावर लिहिली.

सुदैव म्हणजे ३.५ मेगावॉट. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत डिझेलवरच्या वीजप्रकल्पाला ५ मेगावॉटपासून पूर्वमंजुरी लागते. त्याच्या आत असल्यामुळे सगळा विषय राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रापुरता राहिला. पण संमतीपत्रात इंधन म्हणून "नैसर्गिक वायू" एवढंच लिहिलंय. एक लिटर डिझेल जाळायचं तरी आधी उभारणीची संमती, मग चालवण्याची. सातपूरच्या उद्योग भवनाच्या पायऱ्या आता ओळखीच्या होणार.

टाक्यांसाठी पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा परवाना. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला, आणि त्याच्या मागे पोलीस, अग्निशमन, ग्रामपंचायत, महसूल असे कागद फिरणार. मॅडमचं म्हणणं : कागदांना सगळ्यात जास्त वेळ लागणार, म्हणून टाकीची जागा आजच नक्की करा. जागा बदलली की नकाशा बदलतो, नकाशा बदलला की सगळ्या दाखल्यांवरचा गट नंबरचा कोपरा बदलतो.

जागा : मागच्या कंपाउंडजवळ, जुन्या भंगारशेडची. पलीकडे अण्णांची द्राक्षबाग.

२६ सप्टेंबर

आज एक गोष्ट सुटता सुटता राहिली.

गॅसवर आमच्या ज्वलनकक्षात गॅस आणि हवा आधीच मिसळून पातळ मिश्रण जळतं, त्यामुळे ज्योत थंड राहते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. डिझेलवर तसं जमत नाही. थेंब थेंब जळतो, त्याच्याभोवती ज्योत प्रखर असते. ती थंड करायला सोबत पाणी मारावं लागतं, इंधनाच्या वजनाच्या पाऊणपट ते बरोबरीने. यंत्रवाल्यांनी आमच्यासाठी ०.८ सांगितलंय. हे सगळ्यांना माहीत होतं. पाणी साधं चालत नाही, डीएमचंच, म्हणजे क्षार काढलेलंच हवं, हेही माहीत होतं. नाहीतर क्षार पात्यांवर बसतात. कुणी गुणाकार केला नव्हता, एवढंच.

तासाला ७६४ किलो पाणी. ३१ तासांना जवळजवळ २४ हजार लिटर. आपली डीएम टाकी १५ हजार लिटरची, त्यातले १० बॉयलरसाठी कायम राखीव. राहिले पाच. म्हणजे डिझेल ३१ तासांचं आणि पाणी साडेसहा तासांचं. पाणी संपलं की यंत्र बंद करायचं नाहीतर संमतीची मर्यादा मोडून धूर सोडायचा. दुसरा पर्याय कुणी कागदावर लिहिणार नाही, पण रात्री तीन वाजता पॅनेलवर बसलेल्या माणसाला तोच सुचेल.

हे काढलं शिफ्टच्या काकांनी. ड्रॉइंगकडे बघत म्हणाले, "सर, पाणी कुठनं आणायचं? डीएमवाला रात्री एकटाच असतो." मी तीन आठवडे तोच कागद बघत होतो.

२५ हजार लिटरची नवीन डीएम टाकी कामात घेतली. खर्च वाढला. मोठ्या साहेबांच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही.

२१ ऑक्टोबर

खोदाई सुरू. पावणेदोन मीटर काळी माती, मग मुरूम, खाली पाषाण. काळ्या मातीवर डाइकची, म्हणजे सांडलेलं तेल अडवायला टाक्यांभोवती बांधायची, भिंत उभी केली तर पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात भेगाळेल आणि दोन वर्षांत भिंतीला चिरा पडतील. चिरलेल्या डाइकचा काय उपयोग? माती पूर्ण काढून मुरूम भरायचा, थर देऊन रोलर मारायचा, वर आरसीसी राफ्ट. डाइकमध्ये एक टाकी पूर्ण फुटली तरी सगळं मावलं पाहिजे, त्यावर दहा टक्के आम्ही आपले जास्त धरले : २२ हजार लिटर, आणि त्यात दुसऱ्या टाकीच्या पायांनी अडवलेली जागा वजा.

पोकलेनचा आवाज ऐकून अण्णा कंपाउंडशी आले. गोडी छाटणी (फळासाठीची) नुकतीच झालेली, त्यामुळे माणूस आधीच ताणात. "हे काय बांधताय?" मी सांगितलं. ते बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिले. मग : "माझी विहीर तुमच्या भिंतीपासून किती फूट हे तुम्हाला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. नकाशावर आमच्या हद्दीच्या आतलं सगळं होतं, बाहेरचं कोरं.

"आमचा माल युरोपात जातो साहेब. रेसिड्यूत, म्हणजे फळातल्या रसायनांच्या तपासणीत, काही आलं तर कंटेनर अडकतो. तुमचं काय, तुम्ही नवीन टाकी बांधाल."

संध्याकाळी टेप घेऊन दोघं गेलो. भिंतीपासून विहीर १८४ फूट, उताराच्या बाजूला. उतार आमच्याकडून त्यांच्याकडे. पावसाच्या नाल्याचा रोखही तिकडेच.

२५ ऑक्टोबर

नाल्याची दिशा बदलायची. डाइकचं पाणी थेट नाल्यात न सोडता आधी तेल-पाणी वेगळं करणाऱ्या तीन कप्प्यांच्या टाकीत, तिथून तपासून पुढे. डाइकचा व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेर, कायम बंद, कुलूपबंद, चावी शिफ्ट इनचार्जकडे. विहिरीचा पाण्याचा नमुना आत्ताच घेऊन ठेवला, टाकीत डिझेल येण्याआधीचा. अण्णांसमोर बाटली भरली, लेबलवर दोघांच्या सह्या.

त्यांची आणखी एक अट : डिसेंबर ते मार्च, मणी भरायला लागल्यापासून काढणीपर्यंत, डिझेलवरच्या चाचण्या नकोत. घडांवर काजळी बसली तर माल गेला. लेखी दिलं नाही, पण हो म्हटलं. वेळापत्रकात कारण लिहिलं, "हंगामी".

१४ नोव्हेंबर

उभारणीची संमती आली. वर्षाला डिझेलवर २०० तासांची मर्यादा, जी आम्हीच मागितली होती. चाचणीचे तासही यातच. तासांचं मीटर आणि इंधनाचं मीटर दोन्ही बसवायचे.

ठेकेदार मिळेना. निम्मे फॅब्रिकेटर सिंहस्थाच्या कामांची वाट बघत बसलेत.

९ जानेवारी २०२५

पहाटे सहाला साइटवर टाकीजवळच्या खांबाला थर्मामीटर लावला : ७ अंश. निफाडला नेहमीच आपल्यापेक्षा कमी असतं, तिथे द्राक्षवाले पहाटे शेकोट्या करून बागा वाचवतात. टाकी अजून रिकामी आहे, तरी आजची नोंद महत्त्वाची.

डिझेलच्या भारतीय मानकात हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं डिझेल वेगळं आहे. उन्हाळ्याच्या डिझेलला १५ अंशांपर्यंत ओतण्याजोगं राहण्याचीच हमी, हिवाळ्याच्याला ३ अंशांपर्यंत. फिल्टर चोंदण्याची मर्यादा तर त्याआधीच येते : उन्हाळ्याचं १८ अंश, हिवाळ्याचं ६. रस्त्यावरच्या ट्रकला याचं काही वाटत नाही, कारण तो पंधरा दिवसांपूर्वीचं डिझेल जाळत नाही. आपण मात्र मे महिन्यात टाकी भरून जानेवारीच्या पहाटे जाळणार. मेण धरलेलं डिझेल टाकीत ठीक दिसतं आणि फिल्टरवर खिरीसारखं बसतं. गॅस नेमका थंडीतच कमी पडायची शक्यता : टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये थंडीने गॅसच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या, गॅसच्या ठिकाणांची वीज गेली, गॅस नाही म्हणून आणखी वीज गेली. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली, पण मेणाला तेवढी लागतही नाही.

करायचं : द्राक्षांचा हंगाम सोडून दर महिन्याला चाचणीत डिझेल जाळून, डीजी सेटला (डिझेल जनरेटरला) टाकीतूनच देऊन, जुनं संपवत ऑक्टोबरनंतर हिवाळ्याचं भरायचं. टाकीपासून यंत्रापर्यंतच्या नळीला हीटर आणि परतीची नळी, म्हणजे तेल फिरतं राहील. फिल्टर एक नको, जोडीने दोन.

१२ मार्च

अण्णांची काढणी संपली. गेटवर दोन क्रेट ठेवून गेले. टाक्यांची हायड्रो टेस्ट (पाणी भरून तपासणी) काल झाली, गळती नाही. पेसोचा परवाना यायचाय.

१९ मे

परवाना मागच्या आठवड्यात हाती आला. पहिला टँकर आज उतरवला. मॅडमनी टँकरला अर्थिंगची तार लावल्याशिवाय होजला हात लावू दिला नाही. ड्रायव्हर वैतागला : "पेट्रोल नाही ताई, डिझेल आहे." मॅडमनी उत्तर दिलं नाही, फक्त तार पुढे केली.

टाकीवर वर श्वासनळी, तिला जाळीचा फ्लेम अरेस्टर, म्हणजे बाहेरची ज्योत आत जात नाही. रात्री टाकी थंड होते तेव्हा ती बाहेरची दमट हवा आत ओढते, तेच पाणी तळाला साचतं आणि पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी धरते. दर सोमवारी तळाचं पाणी काढायचं, लिहायचं, आणि ते घातक कचऱ्यात जमा करायचं.

२३ मे

काल रात्रीची गोष्ट. या वर्षी अवकाळीने कहर केलाय, मे महिना असा बघितला नाही. दुपारी दुसरा टँकर उतरवताना होजच्या जोडातून अंदाजे २० लिटर डिझेल डाइकमध्ये सांडलं. भुसा टाकून भरून घेतलं, पण फरशी तेलकट राहिली. रात्री साडेनऊला मुसळधार. शिफ्टचा पोऱ्या चक्कर मारायला गेला तर डाइक कोरडा. पाऊस धो धो आणि डाइक कोरडा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. हायड्रो टेस्टचं पाणी सोडायला ठेकेदाराच्या माणसांनी मार्चमध्ये उघडला होता आणि कुलूप उघड्या अवस्थेतच लावलं होतं. सव्वादोन महिने आम्ही सगळे कुलूप बघून समाधान मानत होतो. मीही.

पोऱ्याने फोन केला तेव्हा मी पंचवटीत होतो. पोचेपर्यंत त्याने व्हॉल्व्ह बंद केला होता. तेलाचा पापुद्रा तीन कप्प्यांच्या टाकीच्या पहिल्या कप्प्यात अडकला होता, दुसऱ्यात इंद्रधनुष्य थोडंसं, तिसरा स्वच्छ. नाल्यात काही गेलं नाही. बॅटरी मारून तीनदा बघितलं.

आज सकाळी अण्णांकडे स्वतः गेलो. सांगायची गरज नव्हती, असं दोघांनी मला बजावलं होतं. अण्णांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाटली आणलीय का?" आणली होती. विहिरीचा दुसरा नमुना भरला.

व्हॉल्व्हवर लाल-हिरवी पट्टी रंगवली, दांडा आडवा म्हणजे बंद. कुलूप आता फक्त बंद अवस्थेतच लागेल असं कडं वेल्डरने बनवून दिलं.

११ जून

पहिली इंधनबदल चाचणी, मंडळाला आधी कळवून. भार ६० टक्क्यांवर आणला. डिझेल पंप चालू, दाब बरोबर. गॅस कमी, डिझेल जास्त, पॅनेलवर दोन्ही टक्के एकमेकांना ओलांडताना बघायला छान वाटत होतं. ३५ टक्के डिझेलवर धुराच्या तापमानात फरक वाढला, एक बाजू थंड, आणि ट्रिप. पेपर मशीन आधीच थांबवून ठेवलं होतं म्हणून लाज वाचली.

यंत्रवाल्यांचा माणूस नोजल खराब म्हणाला. ठेकेदार पंप म्हणाला. काकांनी नळीवर हात ठेवून चालत चालत शोध घेतला : रस्ता ओलांडायला नळी पाइप रॅकवर चढते आणि उतरते, त्या उंचवट्यावर हवा काढायला काहीच नाही. तिथे हवेचा फुगा अडकून बसलेला. तो सुटून एका बाजूच्या नोजलमध्ये गेला.

१३ जून

उंचवट्यावर व्हेंट लावला. दुसरी चाचणी : गॅसवरून डिझेलवर ४८ सेकंद, पाणी सुरू, एक तास चाललं. परत गॅसवर येताना डिझेलच्या नोजलमध्ये हवा फुंकून तेल बाहेर काढायचं, नाहीतर उरलेलं तेल भाजून कोळसा होतो आणि पुढच्या वेळी नोजल बंद. ते फुंकणं पहिल्यांदा विसरलं गेलं असतं, काकांनी आठवण केली. धुराचा नमुना घेतला. नायट्रोजन ऑक्साइड गॅसपेक्षा जास्तच, पण मर्यादेच्या आत.

४ सप्टेंबर

चालवण्याची संमती आली. विहिरीच्या नमुन्यांचे अहवाल एका फाइलमध्ये, एक प्रत अण्णांकडे.

२८ नोव्हेंबर

हंगामापूर्वीची शेवटची चाचणी, पहाटे साडेपाचला मुद्दाम. टाकीजवळ ११ अंश. टाकीत निम्म्याहून थोडं जास्त हिवाळ्याचं डिझेल, बाकी मे महिन्यातलं. पहिल्या फिल्टरचा दाबफरक वीस मिनिटांत दुप्पट झाला, जोडीच्या फिल्टरवर गेलो, हीटरमधून तेल फिरवलं, फरक उतरला. भार हलला नाही. पेपर मशीन चालू होतं आणि कागद तुटला नाही. बाहेर काढलेला फिल्टर उघडला : पांढरट मेण, बोटाला तुपासारखं.

यंदाचे डिझेलचे तास : १७. उरलेले १८३.

सोमवारी : तळाचं पाणी काढणे, फिल्टरचे सहा नग मागवणे, दुसऱ्या टाकीतलं जुनं डिझेल डीजीला वळवणे. मार्चपर्यंत चाचणी नाही.